बारोक ते रोमँटिक: युरोपातल्या कला आणि वास्तुशैलींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या शैलींची सालं नक्की कोणती? पुस्तकागणिक वेगळी का दिसतात?

ढोबळमानाने बारोक १६०० ते १७५०, रोकोको १७१५ ते १७७०, नवअभिजात १७५० ते १८३० आणि रोमँटिक १७८० ते १८५०. या रेघा अभ्यासकांनी नंतर ओढल्या, त्यामुळे त्या कुठेच नेमक्या जुळत नाहीत. पॅरिसचंच बघा. वास्तुकार सुफ्लोच्या पँथिऑनचं काम १७५८च्या सुमारास सुरू झालं, ग्रीक-रोमन शिस्तीत, म्हणजे नवअभिजात. त्याच शहरात १७६७ साली फ्रागोनार गुलाबी झग्यातल्या बाईला झोपाळ्यावर बसवून रोकोकोचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र काढत होता. लंडनजवळ होरेस वॉलपोलने तर १७४९पासूनच आपल्या घराला गॉथिक (मध्ययुगीन, टोकदार कमानींचा) साज चढवायला घेतला होता. म्हणजे एकाच पिढीत तीन शैली शेजारी शेजारी नांदत होत्या. सालांवरून शैली ठरवू नका, शैलीवरून सालाचा अंदाज बांधा.

सजावट बघून गोंधळ होतो. ओळखायची एखादी भरवशाची खूण आहे का?

आहे. नक्षी मोजत बसू नका. दोनच प्रश्न विचारा: या कलाकृतीने मला कुठे उभं केलंय, आणि उजेड कुठून येतोय?

बारोक तुम्हाला एका ठरलेल्या जागी उभं करतो आणि वरून किंवा बाजूच्या लपवलेल्या झरोक्यातून उजेड सोडतो. रोममधल्या सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमध्ये बेर्निनीची संत तेरेसा (१६४७-५२) आहे. तिच्यावर पडणारा प्रकाश वर लपवलेल्या खिडकीतून येतो आणि ब्राँझच्या सोनेरी किरणांवरून खाली उतरतो. खिडकी दिसत नाही, फक्त परिणाम दिसतो.

रोकोको तुम्हाला खोलीच्या मध्ये सोडून देतो. आरसे, पांढऱ्या भिंती आणि मोठ्या खिडक्यांमुळे उजेड सगळीकडून येतो, भिंत कुठे संपून छत कुठे सुरू झालं ते कळत नाही. नवअभिजात इमारत तुम्हाला बाहेर, समोर, अंतरावर थांबवते. तिथे उजेड सरळ आणि सपाट, कडा स्पष्ट. रोमँटिक चित्रात उजेड क्षितिजाकडून येतो आणि तुम्ही बहुतेक वेळा कुणाच्या तरी पाठीमागे उभे असता. कास्पार डेव्हिड फ्रीडरिशच्या धुक्यातल्या प्रवाशाचा (सुमारे १८१८) चेहरा आपल्याला कधीच दिसत नाही.

‘बारोक’ शब्दाचा अर्थ काय?

पोर्तुगीज भाषेत ओबडधोबड, वाकड्या मोत्याला ‘बार्रोको’ म्हणत. शब्द तिथूनच आला असं बहुतेक अभ्यासक मानतात. अठराव्या शतकातल्या टीकाकारांनी तो शिवीसारखा वापरला आणि पुढे शैलीला तेच नाव चिकटलं. ‘गॉथिक’चंही तसंच झालं होतं. उच्चार ‘बरोक’ केला तरी चालतो.

बारोकची सुरुवात रोममध्येच का झाली?

प्रॉटेस्टंट पंथाच्या आव्हानाला उत्तर म्हणून कॅथलिक चर्चने त्रेंतची धर्मपरिषद भरवली. डिसेंबर १५६३मधल्या शेवटच्या बैठकीत चित्रं आणि मूर्ती ठेवायच्या, पण त्यांनी धर्माची शिकवण लोकांपर्यंत स्पष्ट पोचवली पाहिजे, असं ठरलं. त्यातून चर्चचा आराखडाही बदलला. जेझुइटांचं (एका कॅथलिक धर्मप्रसारक संघाचं) रोममधलं इल जेझू चर्च १५६८मध्ये सुरू झालं, १५८४मध्ये त्याचा अभिषेक झाला. मध्ये खांबांची अडचण नसलेलं एकच रुंद दालन, दोन्ही बाजूंना छोटी उपासनाघरं, आणि सगळ्यांना वेदी दिसेल, प्रवचन ऐकू येईल अशी मांडणी. दर्शनी भिंतीवर खालचा मजला रुंद, वरचा अरुंद, आणि दोघांना जोडणाऱ्या गुंडाळीसारख्या वेलांट्या. हा नमुना जेझुइटांबरोबर जगभर गेला.

हे चर्च बांधलं तेव्हा आतून बरंच साधं होतं. आज आपण मान वर करून बघतो ते गाउल्लीने रंगवलेलं छत १६७६ ते १६७९मधलं, म्हणजे जवळजवळ शतकानंतरचं. एका इमारतीत दोन पिढ्यांची हौस असते, हे लक्षात ठेवलं की बराच गोंधळ मिटतो.

रोममध्ये एकच दिवस आहे. बारोकसाठी काय बघावं?

चालत होणारा क्रम असा. सकाळी नवोना चौकाजवळचं सान लुईजी देई फ्रान्चेझी चर्च: कॅराव्हाज्जोची संत मॅथ्यूची चित्रं (१५९९-१६०२), डाव्या बाजूच्या शेवटच्या उपासनाघरात. तिथला दिवा नाणं टाकल्यावर काही मिनिटांपुरता लागतो, सुटी नाणी खिशात ठेवा. जाताना दिवा न लावताही एकदा बघा, कारण कॅराव्हाज्जोने विजेचा दिवा गृहीत धरलेला नव्हता. तिथून सांतिन्याझिओ आणि इल जेझू जवळच आहेत. दुपारी साडेबारा ते साडेतीन-चार बरीच चर्च बंद असतात, जेवण तेव्हा उरका. चारनंतर क्विरिनाले टेकडीवर जा.

त्या एकाच रस्त्यावर दोन प्रतिस्पर्ध्यांची दोन लंबवर्तुळाकार चर्च काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. बेर्निनीच्या सांतान्द्रेआमध्ये (१६५८पासून) लंबवर्तुळ आडवं आहे: दारातून शिरताच वेदी जवळ येते आणि दोन्ही बाजूंना जागा पसरते. रंगीत संगमरवर, सोनं, सगळं उंची. बोरोमिनीच्या सान कार्लोमध्ये (१६३८-४१) लंबवर्तुळ उभं आहे, भिंती आतबाहेर हेलकावतात आणि साहित्य म्हणाल तर वीट आणि गिलावा. घुमटातले क्रूस, षटकोन आणि अष्टकोन वर जाताना लहान होत जातात, त्यामुळे छोटा घुमट उंच वाटतो. आमच्या मते दोघांत बोरोमिनी सरस, कारण त्याच्याकडे पैसा नव्हता आणि भूमिती होती.

खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. छोटी दुर्बीण असेल तर उत्तम.

छतावरची माणसं खरंच आकाशात उडतायत असं वाटतं. ते करतात कसं?

यात दोन वेगळी कौशल्यं आहेत, ओल्या गिलाव्यावर रंगवणं आणि दृष्टिभ्रम.

आधी गिलावा. कळीचा चुना पाण्यात विझवून खड्ड्यात महिनोन्‌महिने, जमल्यास वर्षभराहून जास्त मुरवतात. पहिला थर जाडसर: एक भाग चुना, दोन-तीन भाग वाळू, जाडी सेंटीमीटरभर. तो वाळला की त्यावर रेखाटन. मग त्या दिवशी जेवढं रंगवून होईल तेवढ्याच भागावर बारीक वाळूचा, तीन ते पाच मिलिमीटरचा ओला थर. पाण्यात कालवलेले रंग या ओल्या थरावर लावतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना पुन्हा दगड बनतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. हाताशी आठ-दहा तास असतात. संध्याकाळी उरलेला ओला गिलावा तिरका कापून काढतात, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. बाजूने तिरपा उजेड टाकला तर या एकेका दिवसाच्या तुकड्यांचे जोड आजही दिसतात, आणि कलाकाराला चेहऱ्याला किती दिवस लागले, ढगाला किती, हे मोजता येतं.

बिघडतं कुठे? चुन्यात टिकणारे रंग मोजके, मुख्यतः मातीचे. शिशाचा पांढरा रंग भिंतीवर काळा पडतो. काही निळे रंग गिलावा सुकल्यावर सरस किंवा अंड्यात कालवून वरून लावावे लागतात, आणि तेच आधी पापुद्र्याने सुटतात. म्हणून जुन्या छतांवर आकाश आणि निळी वस्त्रं उडालेली आणि चेहरे शाबूत, असं चित्र दिसतं. दुसरा शत्रू छपराची गळती. पाण्याबरोबर येणारे क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक बनून फुगतात आणि रंगाचा थर आतून ढकलतात. अशा छतावर नुसता रंग दुरुस्त करून भागत नाही, आधी कौलं बघावी लागतात. कडाक्याच्या थंडीत ओला गिलावा गोठतो, म्हणून आल्प्सच्या उत्तरेला हे काम उन्हाळ्यात चाले. व्युर्ट्सबुर्गच्या राजवाड्यात तिएपोलोने जिन्यावरचं प्रचंड छत (सुमारे ३० मीटर लांब, १८-१९ मीटर रुंद) १७५२-५३मध्ये रंगवलं. खालची कमानछत बाल्थासार नॉयमानची. १६ मार्च १९४५च्या बाँबहल्ल्यात शहर जळालं, राजवाड्याचा बराच भाग गेला, ती कमान आणि तिच्यावरचं चित्र वाचलं.

आता दृष्टिभ्रम. आंद्रेआ पोझ्झो हा जेझुइट बंधू. त्याने सांतिन्याझिओचं छत (१६९४पर्यंत) एका बिंदूवरून बघण्यासाठी आखलं. पद्धत त्यानेच लिहून ठेवली आहे: कागदावरच्या चित्रावर चौकटी आखायच्या, तशाच चौकटींचं दोऱ्यांचं जाळं कमानीच्या पायथ्याच्या उंचीवर ताणायचं, आणि खाली बघणाऱ्याच्या डोळ्याच्या जागेवरून दोरा ताणून किंवा रात्री दिवा ठेवून जाळ्याची सावली वक्र छतावर पाडायची. सावलीच्या वाकड्या चौकटीत चित्र भरलं की खालून सगळं सरळ दिसतं. जमिनीत तो बिंदू संगमरवरी चकतीने दाखवला आहे. तिच्यावर उभे राहा, भिंतीवरचे खरे खांब छतातल्या रंगवलेल्या खांबांत मिसळून जातात. दहा पावलं सरका, खांब कोसळल्यासारखे कलतात. पुढचा घुमटसुद्धा कॅनव्हासवर रंगवलेला सपाट आहे (१६८५), खरा घुमट तिथे बांधलाच गेला नाही.

एवढ्या जड इमारती टिकल्या कशा? काही पडल्या नाहीत?

पडल्या, आणि पाडाव्याही लागल्या. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या दर्शनी भिंतीवर दोन टोकांना घंटाघरं उभारायचं काम १६३७मध्ये बेर्निनीकडे आलं. दक्षिण टोकाखालची जमीन ओलसर आणि भुसभुशीत होती. पाया हलक्या मनोऱ्याच्या हिशेबाने घातलेला, बेर्निनीचा मनोरा त्याहून खूप उंच आणि जड. खालच्या भिंतीला तडे गेले. १६४६मध्ये मनोरा उतरवावा लागला. बेर्निनीच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी नामुष्की, आणि चूक नेहमीचीच: वरचं ओझं बदललं, पाया तोच.

घुमटाचा त्रास वेगळा. घुमट खाली बसताना पायथ्याशी बाहेर फाकतो, त्यामुळे उभे तडे जातात. सेंट पीटर्सच्या घुमटाला असे तडे दिसल्यावर तीन गणितज्ञांनी आणि नंतर पोलेनी या शास्त्रज्ञाने तपासणी केली. १७४३-४४मध्ये पाच नवे लोखंडी वेढे बसवले गेले, पिंपाला पट्ट्या मारतात तसे. लंडनच्या सेंट पॉल्सला (१६७५-१७१०) वास्तुकार रेनने दुसरी वाट काढली. तिथे तीन कवचं आहेत: आत कमी उंचीचा विटांचा घुमट, त्याबाहेर विटांचा निमुळता शंकू, आणि सर्वांत बाहेर लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा. घुमटाच्या माथ्यावरच्या दगडी कळसमनोऱ्याचं शेकडो टनांचं ओझं शंकू पेलतो. बाहेरून दिसणारा घुमट फक्त आकार देतो. शंकूच्या पायथ्याशी अर्थातच लोखंडी साखळी आहे.

रेम्ब्रांट, व्हर्मीर यांच्या चित्रांत ना देवदूत ना सोनं. तरी त्यांना बारोक का म्हणतात?

उजेडामुळे. एका बाजूने येणारा, काही गोष्टी दाखवणारा आणि बाकीच्या अंधारात ठेवणारा प्रकाश ही त्या शतकाची सामायिक भाषा आहे. प्रॉटेस्टंट नेदरलँड्समध्ये चर्चची गिऱ्हाइकी नव्हती, व्यापाऱ्यांची होती, म्हणून संतांच्या जागी दूधवाली आली.

जुनी चित्रं एवढी काळी का, हा प्रश्न याला जोडूनच येतो. कॅराव्हाज्जोच्या पद्धतीचे चित्रकार कॅनव्हासवर आधी तांबूस-तपकिरी अस्तर देत. सावल्यांमध्ये रंग पातळ, उजेडात शिशाच्या पांढऱ्याचा जाड. काळ जातो तसा तैलरंग अधिक पारदर्शक होतो, पातळ भागांतून अस्तर वर येतं आणि सावल्या मूळच्यापेक्षा गडद होतात. वरून व्हार्निश पिवळं-तपकिरी पडतं, ते वेगळंच. रेम्ब्रांटच्या १६४२च्या चित्राला ‘रात्रीचा पहारा’ हे नाव त्या मळक्या व्हार्निशमुळे पडलं. प्रसंग दिवसाचा आहे. १७१५मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात बसावं म्हणून चारही बाजूंनी कापलंसुद्धा.

चर्चमधले रंगीत खांब खरे संगमरवरी आहेत की नाही, कसं ओळखायचं?

दक्षिण जर्मनीत तर आधी नकली समजूनच चाला. जिप्समची पूड सरसाच्या पाण्यात कालवून त्यात रंग मळतात. सरसामुळे ती लगेच घट्ट होत नाही. वेगवेगळ्या रंगांचे गोळे एकत्र दाबून कापले की शिरा तयार होतात. ते काप खांबावर बसवून, घासून, बारीक भोकं पुन्हा भरून, परत घासून, शेवटी तेल-मेणाची झळाळी. हे काम स्वस्त नव्हतं, पण निसर्गात नसलेले निळे-गुलाबी खांब मिळत.

हात लावायची मुभा असेल तिथे तळवा ठेवा: खरा संगमरवर थंडगार लागतो, जिप्सम त्यामानाने कोमट. बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ. आणि पायथा बघा. जिप्सम पाण्यात किंचित विरघळतं, त्यामुळे ओल चढली की तळाशी झळाळी जाऊन पृष्ठभाग खडूसारखा होतो.

सोन्याचं म्हणाल तर बहुतेक ठिकाणी लाकूड किंवा गिलाव्यावर वर्ख असतो. खडू-सरसाचे थर, त्यावर लाल चिकणमाती, मग वर्ख, मग अकीकाच्या दगडाने घोटणं. कडांवर सोनं झिजून लाल दिसत असेल तर तो जुन्या, नीट केलेल्या कामाचा पुरावा आहे. ‘खराब झालंय’ म्हणून त्यावर सोनेरी रंग फासला की काही वर्षांत तो हिरवट-तपकिरी होतो, कारण त्यात पितळेची पूड असते.

रोकोको म्हणजे अतिरेकी बारोकच ना?

नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १७१५मध्ये वारला आणि सरदार व्हर्सायच्या दरबारातून पॅरिसच्या घरांत परतले. व्हर्सायचा आरसेमहाल (१६७८-८४, ७३ मीटर लांब, ३५७ आरसे) राजाकडे चालत जाण्यासाठी होता. पॅरिसच्या बैठकीच्या खोल्या गप्पांसाठी होत्या. खोल्या लहान झाल्या, कोपरे गोल झाले, खांब जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी शिंपले, वेली, C आणि S अक्षरांसारखी वळणं आली. ओतेल द सूबीझमधलं बोफ्राँचं लंबवर्तुळाकार दालन (१७३०चं दशक) हा त्याचा उत्तम नमुना. अचूक खूण हवी असेल तर नक्षीचा डावा-उजवा भाग ताडून बघा. रोकोकोची एकेक वेलबुट्टी मुद्दाम असमान असते, बारोकची सहसा नसते.

बव्हेरियात हीच नाजूक नक्षी चर्चमध्ये शिरली. दोमिनिकुस त्सिमरमानचं व्हीसकिर्षं (१७४५-५४) बाहेरून शेतातलं साधं घर वाटावं असं. आतलं छत दगडी कमान नाही, लाकडी पट्ट्यांवरचा गिलावा आहे. वजन कमी म्हणून खांब बारीक, खांब बारीक म्हणून खिडक्या मोठ्या. त्या चर्चमधला तो सगळा लख्ख उजेड सुतारकामातून आला आहे.

गोव्यातली चर्च बारोक आहेत का?

काही भाग आहेत, सरसकट नाहीत. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू १५९४मध्ये सुरू होऊन १६०५मध्ये पूर्ण झालं. त्याचा दर्शनी भाग रेनेसाँच्या (बारोकआधीच्या प्रबोधनकाळाच्या) शेवटच्या टप्प्याकडे झुकलेला, बारोकच्या उंबरठ्यावरचा. आतली सोनेरी लाकडी वेदी पुढच्या अभिरुचीची. आणि फ्रान्सिस झेवियरच्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा तर थेट फ्लॉरेन्सहून आलेला: तस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो द मेदिचीची भेट, शिल्पकार फोज्जिनी, बसवला १६९८मध्ये. तेवढ्या भागापुरतं इटलीला जायची गरज नाही. सेंट कॅजेटन चर्च सेंट पीटर्सच्या धर्तीवरचं आहे, घुमटासकट.

बॉम जेझूचा लाल जांभा लोकांना फार आवडतो, पण तो तसा दिसणं अपेक्षित नव्हतं. गोव्यातली चर्च पांढरी, कारण सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि चुन्याचा गिलावा त्याचं रक्षण करतो. १९५०च्या दशकात इथला गिलावा काढला गेला, तेव्हापासून प्रत्येक पावसाळा दगड खातोय. पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद आहे. आमचा कौल गिलाव्याला.

देवळांकडेही बघा. कवळ्याच्या शांतादुर्गेचं सध्याचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, १७३८च्या सुमारास उभं राहिलं. अष्टकोनी, पिंपासारख्या बैठकीवरचा घुमट, कठड्यांच्या रांगा, भिंतीत अर्धे रुतलेले खांब, अर्धवर्तुळाकार कमानींच्या खिडक्या. कारागिरांनी चर्चची भाषा उचलली आणि देवळाच्या व्याकरणात बसवली.

नवअभिजात आणि रेनेसाँ, दोन्हींत ग्रीक-रोमन खांब. फरक कसा करायचा?

खांबाच्या पायाशी बघा. रेनेसाँच्या लोकांना ग्रीस प्रत्यक्ष माहीत नव्हता, त्यांनी रोमन अवशेष मोजले. वास्तुकार व्हिन्योलाच्या नियमांनुसार खांबाच्या प्रकारागणिक उंची त्याच्या व्यासाच्या पटीत: तस्कन ७, डोरिक ८, आयोनिक ९, कोरिंथियन १०. खांबाला गोल पायथा असतो. अठराव्या शतकात हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) खणायला घेतलं, स्टुअर्ट आणि रेव्हेट यांनी अथेन्सला जाऊन मोजमापं घेतली, ती १७६२पासून छापून आली. तेव्हा कळलं की अस्सल ग्रीक डोरिक खांबाला पायथाच नसतो, तो थेट पायरीवर उभा राहतो आणि जाड असतो. पार्थेनॉनवर उंची व्यासाच्या साडेपाचपट. तेव्हा युरोपातल्या एखाद्या वाड्यासमोर बिनपायथ्याचा ठेंगणा डोरिक खांब दिसला, तर इमारत जवळजवळ नक्की १७५०नंतरची.

मुंबईत बघायचं तर एशियाटिक सोसायटीचं टाउन हॉल: थॉमस काउपरचा आराखडा, १८३३मध्ये पूर्ण, ग्रीक पद्धतीचे डोरिक खांब आणि त्यांच्यापुढे ती प्रसिद्ध पायऱ्यांची रांग. त्या पायऱ्या तुम्हाला अंतरावर थांबवण्याचंच काम करतात, मुंबईकर त्यांच्यावर बसून गप्पा मारतात हा भाग वेगळा.

चित्रात दावीदची ‘होराशियांची शपथ’ (१७८४) बघा. माणसं रंगमंचावर ओळीत, मागे तीन कमानी, हात सरळ, रंग सपाट, ब्रशचा फटकारा कुठेच दिसत नाही.

या शैलीचा छुपा दोष लोखंड. पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सुफ्लोला ग्रीक देवळासारखी सरळ आडवी तुळई हवी होती. दगड दाब सोसतो, ताण नाही. म्हणून त्याने दगडांच्या पोटात लोखंडी सळ्या आणि कड्या घातल्या. पाणी झिरपलं की लोखंड गंजतं, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि दगड आतून फुटतो. शिवाय घुमटाखालच्या खांबांना बांधकाम चालू असतानाच तडे गेले, ते नंतर जाड करावे लागले. आज ती इमारत थडग्यासारखी गंभीर वाटते त्याचं कारण मात्र वेगळं: क्रांतीनंतर १७९१मध्ये खालच्या खिडक्या बुजवल्या गेल्या. सुफ्लोला ती उजेडाने भरलेली हवी होती.

रोमँटिक म्हणजे प्रेमाची चित्रं का?

नव्हे. इथे ‘रोमँटिक’ म्हणजे माणसापेक्षा मोठ्या गोष्टीपुढे उभं राहिल्यावर होणारी अवस्था: समुद्र, वादळ, इतिहास, कधी जमावाचा संताप. या शैलीचं एकच रूप नाही, हीच तिची अडचण. फ्रीडरिश गुळगुळीत रंगवतो, टर्नर धुकं खरवडून काढतो, कॉन्स्टेबल पांढऱ्या रंगाचे ठिपके उडवतो.

उजेडाचा प्रश्न इथे सगळ्यात बोलका ठरतो. कॅराव्हाज्जोच्या मॅथ्यूवर प्रकाश येशूच्या बाजूने येतो. गोयाच्या ‘३ मे १८०८’मध्ये (रंगवलं १८१४मध्ये) तो येतो जमिनीवर ठेवलेल्या चौकोनी कंदिलातून. गोळ्या घालणाऱ्या सैनिकांनीच तो आणलाय, नेम धरता यावा म्हणून. त्यांचे चेहरे दिसत नाहीत, पांढरा सदरा घातलेला माणूस मात्र उजळून निघालाय. दोन शतकांत प्रकाशाचा मालक बदलला.

कॉन्स्टेबलने १८२१-२२मध्ये हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास केले आणि मागच्या बाजूला तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. भावनेच्या युगातला हा माणूस हवामान खात्यासारखा काम करत होता.

रोमँटिक चित्रं बारोकपेक्षा नवी, तरी जास्त फुटलेली का?

घाई आणि डांबर. अस्फाल्टचा खोल, ऊबदार तपकिरी रंग त्या काळात लोकप्रिय झाला. तो कधीच पुरता सुकत नाही. वरचा थर सुकून ताणला जातो, खालचा मऊच राहतो, आणि पृष्ठभागावर मगरीच्या कातडीसारख्या रुंद भेगा पडतात. जेरिकोच्या ‘मेड्युसाचा तराफा’ (१८१८-१९, जवळजवळ ५ × ७ मीटर) या चित्राचा काळेपणा याच सवयीचा परिणाम मानला जातो. अपघातात सापडलेल्या मेड्युसा जहाजावरून उतरलेले १४७ जण या तराफ्यावर होते, १५ वाचले. आज त्यांतले मागचे काही अंधारात शोधावे लागतात. टर्नरचं दुखणं वेगळं: त्याला उडणारे लाल रंग आवडत. त्याच्या काही आकाशांमधला लालिमा फिका पडलाय, म्हणजे आपण बघतो तो सूर्यास्त त्याने रंगवला त्याहून निवलेला आहे.

सीएसएमटी रोमँटिक म्हणायचं का?

वंशज म्हणा. रोमँटिकांनी मध्ययुगाची ओढ लावली, तिच्यातून गॉथिक पुनरुज्जीवन निघालं. सुरुवात नाटकी होती: वॉलपोलच्या घरातल्या गॉथिक कमानछतांचं साहित्य कागदाचा लगदा. बेकफर्डच्या फाँटहिल अ‍ॅबीचा सुमारे ८४ मीटरचा मनोरा घाईत आणि कच्च्या पायावर उठवलेला, तो १८२५मध्ये कोसळला. मग गांभीर्य आलं. १६ ऑक्टोबर १८३४ला लंडनची संसद जळाल्यावर बॅरीने नवी आखली आणि प्युजिनने तिला गॉथिक तपशील दिले. कलोनच्या कॅथेड्रलचं सोळाव्या शतकात थांबलेलं काम, सापडलेल्या मूळ मध्ययुगीन आराखड्याच्या आधारे, १८४२मध्ये पुन्हा सुरू होऊन १८८०ला संपलं.

कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८), राजाबाई टॉवर (१८७८) आणि स्टीव्हन्सचं सीएसएमटी (१८७८-८८) या धारेतली. जुनं गॉथिक आणि पुनरुज्जीवित गॉथिक वेगळं काढायचं असेल तर कोरीव काम सगळीकडे सारख्याच वयाचं आहे का ते बघा. खरं मध्ययुगीन कॅथेड्रल दीडदोनशे वर्षं रखडलेलं असतं आणि एका टोकाची कमान दुसऱ्या टोकाशी जुळत नाही.

या काळातल्या युरोपीय चित्रकलेचा मराठी मुलखाशी थेट संबंध आला का?

आला, पुण्यातच. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याला येऊन त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रं काढली. ब्रिटिश रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयाने काम करणाऱ्या गंगाराम तांबटाने वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची रेखाटनं केली. वेल्स १७९५मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने वेरूळची दृश्यं १८०३मध्ये छापली आणि पेशव्यांच्या दरबाराचं मोठं तैलचित्र १८०५मध्ये पुरं केलं. या चित्रांत लेणी जरा जास्तच भव्य आणि माणसं जरा जास्तच लहान दिसली तर दचकू नका, रोमँटिक नजर ती हीच.

प्रदर्शनात ‘लुई’ नावाच्या खुर्च्या असतात. कोणता लुई कोणता?

पाय बघा. चौदावा (बारोक): जाड सरळ पाय, खाली आडव्या पट्ट्यांनी जोडलेले. पंधरावा (रोकोको): हरणाच्या पायासारखे वाकलेले, मध्ये पट्टी नाही. सोळावा (नवअभिजात): पुन्हा सरळ, खाली निमुळते, उभ्या खोबणींचे. विकत घेणार असाल तर खुर्ची उलटी करा. बैठकीखाली वर्तुळाकार करवतीच्या कमानदार खुणा दिसल्या तर ती एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची नक्कल आहे, दुकानदार काहीही सांगो.